बीफ न खाता टेक्सास बार्बेक्यूला जेवायचं कसं

आमच्या फोंड्यात आता घरटी एक तरी पोरगं बाहेर आहे, कोण दुबईला, कोण लिस्बनला, आणि कॉम्प्युटरवाली बरीचशी अमेरिकेत. त्यातली टेक्सासवाली पोरं आईबाबांना बोलावून घेतात आणि मोठ्या हौसेने एक दिवस बार्बेक्यू खायला नेतात, आणि आईबाबा तिथे नुसता पाव न् बटाट्याचं सॅलड खाऊन अर्धपोटी परत येतात, कारण कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तिथे सगळं बीफच असतं, काही शिवू नका. मी पण पहिल्या वेळी असाच आलो. ह्यूस्टनला भाच्याकडे अडीच महिने होतो, मग हळूहळू कळत गेलं, सहा-सात वेळा जाऊन आलो, आणि आता खात्रीने सांगतो की बीफ न खाणारा माणूस तिथे पोटभर आणि फार चांगलं जेवू शकतो. फक्त काय मागायचं आणि कुठे थांबून विचारायचं हे आधी ठाऊक पाहिजे. बीफ खाणाऱ्यांनी पण वाचा, कारण दोनदा माझ्याबरोबर मडगावचा मित्र होता, तो कॅथलिक, सगळं खातो, त्यामुळे ब्रिस्केटचं, म्हणजे तिथल्या खास बीफचं, पण सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की शॅकवर निखाऱ्यावर भाजलेला रेशाद मसाला लावलेला विसवण मासा डोळ्यासमोर येतो, किंवा टेबलावरच्या शेगडीवर सळया. टेक्सासचं प्रकरणच वेगळं. तिथे बहुतेक ठिकाणी मांस थेट जाळावर नसतंच. लोखंडाचा लांबलचक पिंप असतो, जाळ त्याच्या एका टोकाला वेगळ्या कप्प्यात, आणि मांसावरून फक्त धूर आणि गरम हवा फिरते. उष्णता साधारण ११० ते १३५ सेल्सियस, म्हणजे मंदच. ब्रिस्केट म्हणजे गुरांच्या छातीचं मांस, जनावराचं वजन पेलून पेलून ते इतकं चिवट झालेलं असतं की पटकन शिजवलं तर चावतच नाही, पण १२-१४ तास, कधी त्याहून जास्त, असं मंद धुरात ठेवलं की त्यातले चिवट धागे विरघळून जिलेटिन होतं आणि लोण्यासारखं मऊ पडतं. लाकूड बहुतेक पोस्ट ओक नावाच्या ओकचं, पश्चिमेकडे मेस्कीट नावाच्या झाडाचं वापरतात, त्याचा धूर जास्त उग्र. फेणी काढतात त्या काजूच्या भाटीवर रात्रभर जाळ सांभाळत बसलेला माणूस बघितलाय ना, जाळ ना वाढू द्यायचा ना पडू द्यायचा, तसाच इथे एक माणूस पहाटेपर्यंत लाकडं सारत बसतो. ते बघून मला त्या धंद्याबद्दल फार आदर वाटला.

हे सुरू केलं ते एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी. दुकानात न विकलं गेलेलं मांस धुरावर ठेवायचे, उरल्यासुरल्याचे सॉसेज करायचे, आणि शेतमजूर ते विकत घेऊन तिथेच कागदावर खायचे. म्हणूनच आजही प्लेट नसते, ट्रेवर जाड कागद घालून त्यावर मांस देतात आणि वजनावर विकतात. ऑस्टिनपासून पन्नासेक किलोमीटरवर लॉकहार्ट म्हणून गाव आहे, तिथलं क्रुझ मार्केट १९०० पासूनचं, तिथे कित्येक वर्षं सॉसही देत नव्हते आणि काटेही देत नव्हते. ह्यूस्टनला मात्र सगळी मिसळ सापडते, पूर्व टेक्सासच्या काळ्या लोकांची सॉसवाली पद्धत आहे, मेक्सिकन हात आहे, आणि बेलेअर भागात ब्लड ब्रदर्स म्हणून ठिकाण आहे तिथे व्हिएतनामी-थाई चवी पण लागतात. आपल्या जिभेला ते जवळचं वाटेल.

आता वेळ. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि आपली माणसं नेमकी इथेच चुकतात, रात्री आठला जेवायला निघतात. मांस आदल्या दिवशी चढवलेलं असतं, ते संपलं की संपलं, नवीन करायला पुन्हा एक रात्र लागणार. म्हणून चांगली दुकानं सकाळी ११ ला उघडतात आणि दुपारीच सोल्ड आऊटची पाटी लावून मोकळी होतात. ऑस्टिनचं फ्रँकलिन तर २००९ मध्ये एका ट्रेलरमधून सुरू झालं, आता तिथे दुकान उघडायच्या कितीतरी तास आधीपासून लोक खुर्च्या टाकून बसतात. तुम्हाला एवढं करायची गरज नाही. मधल्या वारी, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, साडेदहाला जाऊन उभे राहा, सावलीची जागा धरा, पाणी सोबत ठेवा, मे-जूनचं ऊन तिथे आपल्यापेक्षा काही कमी नाही. शनिवार-रविवार टाळा. आणि बरीच नावाजलेली दुकानं सोमवारी बंद असतात, आपण तसेही सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, त्यामुळे ती अडचणच येत नाही. गुरुवार पाळणाऱ्यांनी मंगळवार-बुधवार धरा.

रांग पुढे सरकली की काउंटर येतो आणि समोर मोठी सुरी घेतलेला माणूस उभा असतो. तोच कापतो, तोच वजन करतो. इथे घाई वाटते, मागे माणसं असतात, भाषा कळत नाही, आणि आपण गोंधळून पोराकडे बघतो. तसं करू नका. आधी पाटी वाचून ठरवून ठेवा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि माणशी अर्धा पौंड मांस धरायचं, सोबत पाव-भाजी असतेच त्यामुळे पुरतं. चौघे असाल तर दोन पौंड, त्यात तीन प्रकार बसवा. ब्रिस्केट घेणाऱ्याला तो विचारेल 'लीन ऑर मॉइस्ट', काही ठिकाणी मॉइस्टला फॅटी म्हणतात. लीन म्हणजे कमी चरबीचा सपाट भाग, मॉइस्ट म्हणजे चरबीवाला. माझ्या मित्राचं म्हणणं की पहिल्यांदा मॉइस्टच घ्यावा, आणि तुकडा बोटावर आडवा टाकून बघावा, वाकला पाहिजे पण तुटता कामा नये, आणि हलकं ओढलं की सुटला पाहिजे. फारच भुगा होत असेल तर जास्त शिजलाय. बीफ रिब म्हणजे एकेक हाड पौंडाच्या वर भरतं, किंमत ऐकून मग मागवा.

आता आपलं. मी म्हणेन टर्की. टर्कीचं नाव काढलं की आपल्याला कोरडं कोरडं मांस आठवतं, पण इथे तिच्या छातीला मीठ-मिरी लावून मंद धुरात ठेवतात आणि बऱ्याच ठिकाणी वरून लोणी घालून गुंडाळतात, त्यामुळे कापताना रस गळतो. मला विचाराल तर त्या सगळ्या ट्रेमधली सगळ्यात निर्मळ चव तीच, कारण त्यात मसाला काहीच नाही, मीठ, जाडसर मिरी आणि धूर. एक गोष्ट लक्षात ठेवा, कडेला गुलाबी रंग दिसेल. आपल्याकडे गुलाबी म्हणजे कच्चं, पण हे कच्चं नाही, लाकडाच्या धुरातल्या वायूंमुळे मांसातला रंग तसा धरून राहतो. आमच्या शेजारच्या काकींनी नेमकं याच कारणाने सगळं बाजूला सारलं होतं आणि मला फार वाईट वाटलं, इतक्या लांब जाऊन.

पोर्क चालत असेल तर रिब्ज घ्याच, एका पौंडात साधारण ३-४ फासळ्या येतात. चांगली फासळी म्हणजे दात लावला तिथलंच मांस हाडापासून सुटतं, बाकीचं जागेवर राहतं. सॉसेजला मात्र थांबा. आपला चोरिस म्हणजे पोर्कच हे आपल्याला माहीत असतं, व्हिनेगर आणि लाल मिरचीचा वास लांबून ओळखू येतो, पण टेक्सासचं सॉसेज बहुतेक ठिकाणी बीफ आणि पोर्क मिसळून करतात, काही जुन्या दुकानांत तर पूर्ण बीफचं, आणि बाहेरचं आतडं बरेचदा डुकराचं असतं. नुसत्या बघण्यावरून काही कळत नाही. हालापेन्यो मिरची-चीजवालं असो नाहीतर साधं, विचारल्याशिवाय घेऊ नका.

पण बीफ सगळ्यात लपून बसतं ते बाजूच्या भाज्यांमध्ये, आणि हे मी अनुभवावरून सांगतो. एका ठिकाणी मी बीन्स घेतल्या, शेंगांचं ते काय असणार असं समजून, राजम्यासारख्या पिंटो बीन्स होत्या, दोन घास खाल्ले आणि तिसऱ्यात धागे लागले. ब्रिस्केट कापताना उरलेले तुकडे बीन्समध्ये टाकणं ही तिथे अगदी नेहमीची पद्धत आहे, ते फुकट जात नाही आणि चव येते, त्यांच्या दृष्टीने बरोबरच. चूक माझी होती, मी विचारलं नव्हतं. फरसबीत बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असतं. फ्राइज कधी गुरांच्या चरबीत तळतात. मॅक अँड चीजवर, म्हणजे चीजमधल्या पास्त्यावर, ब्रिस्केट भुरभुरतात. म्हणून एकच वाक्य पाठ करा: 'इज देअर एनी बीफ इन धिस?' प्रत्येक वाडग्याकडे बोट दाखवून विचारा, लाजू नका, ते लोक फार आपुलकीने सांगतात, तिथे रोज कोणाला ना कोणाला काहीतरी चालत नसतं. कोलस्लॉ, म्हणजे कोबीचं सॅलड, आणि बटाट्याचं सॅलड बहुतेक वेळा सुरक्षित, तरी बटाट्यात पण बेकन टाकणारे आहेत.

सुरी आणि पाटाचं पण सांगतो. टर्की त्याच लाकडी पाटावर कापतात जिथे आत्ता ब्रिस्केट कापलेलं असतं. गर्दी नसेल तेव्हा 'नो बीफ प्लीज, कॅन यू चेंज ग्लव्ज अँड नाइफ' म्हटलं तर बहुतेक जण बदलतात, काही जण नवीन कागद पसरून त्यावर कापून देतात. रांग दारापर्यंत गेलेली असेल तेव्हा मात्र ही अपेक्षा धरू नका, आणि हेही एक कारण लवकर जायचं. तरीसुद्धा धूर एकच, भट्टी एकच, कधी वरच्या फळीवरची चरबी खालच्यावर ठिबकत असणार. ज्यांच्या मनाला ते चालणारच नाही त्यांनी जाऊ नये, पोरांनी पण आग्रह करू नये. माझी आई असती तर मी तिला नेलं नसतं, ह्यूस्टनमध्येच आपल्या लोकांची दुकानं आहेत त्या हिलक्रॉफ्टला इडली खायला नेलं असतं.

मांसाबरोबर साधा पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, काकडीचं लोणचं आणि कधी हालापेन्यो मिरची असं ठेवलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी फुकट. पोदेराचा, म्हणजे आपल्या पाववाल्याचा, उंडा खाऊन वाढलेल्या माणसाला तो ब्रेड मिळमिळीत लागतो, पण त्याचं काम वेगळं, मांसाची चरबी आणि रस टिपायचं. टर्कीचा तुकडा, वर कांदा, वर लोणचं, ब्रेड दुमडायचा आणि हाताने खायचं. सॉस वेगळा मागून घ्या आणि पहिले दोन घास सॉसशिवाय खा, नाहीतर त्या गोड-आंबट टोमॅटोच्या चवीखाली रात्रभराचा धूर बुडून जातो. प्यायला स्वीट टी म्हणजे अतिशय गोड थंड कोरा चहा, अर्धा गोड अर्धा बिनसाखरेचा मिसळून घ्या. डॉक्टर पेपर हे थंड पेय तिथलंच, १८८५ मध्ये वेको गावात सुरू झालेलं. शेवटी गोड म्हणून पेकन पाय किंवा बनाना पुडिंग, एक घेऊन दोघांत वाटा.

पैशाचं: ब्रिस्केट पौंडाला ३० डॉलरच्या आसपास किंवा वरच जातं, टर्की त्याहून थोडी स्वस्त. पाटीवरच्या भावावर ह्यूस्टनला सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स वेगळा लागतो. मग मशीन तुमच्याकडे फिरवून टिप विचारतात, काउंटरवरून आपणच ट्रे उचलतो तिथे टेबलावर येऊन वाढणाऱ्या हॉटेलएवढी टिप द्यायची सक्ती नाही, पण रात्रभर जागलेल्या माणसासाठी मी दहा टक्के तरी देतो. २०२४ ला हॉटेलांना स्टार देणारे मिशेलिनवाले पहिल्यांदा टेक्सासला आले आणि चार बार्बेक्यूंना स्टार दिला, त्यातलं कॉर्कस्क्रू ह्यूस्टनच्या उत्तरेला स्प्रिंगला आहे. तिथली रांग पण तशीच लांब.

उरलं तर त्याच कागदात बांधून घरी न्या. मायक्रोवेव्ह नको, चामडं होतं, फॉइलमध्ये थोडं पाणी शिंपडून मंद ओव्हनला ठेवा. मी दुसऱ्या दिवशी टर्की हाताने मोकळी करून कांदा, हिरवी मिरची, आल्यावर परतली, शेवटी ओलं खोबरं घातलं, भाच्याने सोलकढी केली होती, भाताबरोबर तिघांनी संपवलं.

येत्या मे मध्ये माझी बहीण जातेय, म्हणजे त्या भाच्याची आईच. ती पोर्क पण खात नाही. तिला मी चिठ्ठी लिहून दिलीय, देवनागरीतच, पर्समध्ये ठेवायला: मंगळवार साडेदहा. नो बीफ, नो पोर्क. हाफ पाउंड टर्की. चेंज ग्लव्ज अँड नाइफ प्लीज. बीन्स नको. कोलस्लॉ, कांदा, लोणचं. सॉस बाजूला. तिने वाचून विचारलं, "दादा, आणि ती गुलाबी दिसली तर?" मी खाली एक ओळ अजून लिहिली: गुलाबी असली तरी शिजलेली आहे, खा.