गोव्यात शनिवार-रविवारी कार डिटेलिंग: सुरुवात गाडीच्या आतून करा

नोकरी सांभाळून डिटेलिंग, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि चकाकी, सुरू करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पॉलिशचं मशीन आणि सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक संरक्षक थर) येतं. गोव्यात सुरुवात तिथून करू नका. जून ते सप्टेंबर पाऊस, उरलेले महिने दमट हवा, किनाऱ्यावर वाळू आणि खार, डिचोली-सत्तरी-सांगेच्या बाजूला लाल माती. या हवेत गाडी आतून आधी खराब होते, आणि आतल्या कामाला पाणी कमी लागतं. ते छपराखाली होतं आणि भर जुलैतही थांबत नाही. म्हणून पहिलं वर्षभर दोनच कामं घ्या, आतली सखोल सफाई आणि रंगाला चरे न पडू देता केलेली धुलाई.

साहित्य

ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा २० लिटरचा व्हॅक्यूम, १०० ते १३० बार दाबाने पाणी मारणारा घरगुती प्रेशर वॉशर, फोमची बाटली, १५-२० लिटरच्या दोन बादल्या आणि त्यांच्या तळाशी बसणाऱ्या जाळ्या, धुण्याचे दोन हातमोजे, मऊ आणि कडक ब्रश, ३००-३५० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) वीसेक मायक्रोफायबर फडकी आणि पुसायला एक जाड टॉवेल. द्रव्यांमध्ये पीएच न्यूट्रल (आम्ल किंवा अल्कली नसलेला) शांपू, ऑल पर्पज क्लीनर, काचेचा क्लीनर, प्लॅस्टिकसाठी तेलकट नसलेलं ड्रेसिंग (चमक देणारा लेप) आणि पांढरं व्हिनेगर. वीस-पंचवीस हजारांत हे सगळं बसतं. फडक्यांचे तीन रंग ठरवा: रंगासाठी एक, आतल्या कामासाठी एक, चाकांसाठी एक. चाकांचं फडकं चुकून बॉनेटवर फिरलं की ब्रेकची धूळ रंगात चरे पाडते. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, फडक्याची पाणी शोषण्याची ताकद जाते.

प्रेशर वॉशर १४०० ते १८०० वॉटचा असतो. तो १५-१६ अँपिअरच्या प्लगवरच लावा. एक्स्टेन्शन किमान १.५ चौरस मिमी तारेचं घ्या, लांब असेल तर २.५. बारीक तारेवर व्होल्टेज पडतो, मोटर तापते आणि जळते. ओल्या जागेत काम असल्यामुळे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसलेल्या घरात मशीन सुरूच करू नका. विहिरीचं पाणी वापरत असाल तर वॉशरच्या तोंडाशी फिल्टर बसवा आणि दर आठवड्याला उघडून धुवा, त्यात गाळ बसतोच.

धुलाई

गाडीवर कोरडं फडकं किंवा झटकणी फिरवणं पूर्ण बंद. लाल धूळ बारीक असली तरी कडक असते, आणि उन्हात दिसणारे गोल गोल चरे बहुतांशी याच सवयीतून येतात. आधी पाण्याने धूळ खाली पाडा, नोझल रंगापासून ३० सेमी लांब ठेवा. मग फोम, दोन-तीन मिनिटं थांबा, पण तो वाळू देऊ नका. एका बादलीत शांपू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक पत्र्यानंतर हातमोजा साध्या पाण्यात जाळीवर घासून मगच शांपूत बुडवा. वरून खाली या. दारांचा खालचा भाग आणि बंपर यांना दुसरा हातमोजा.

चाकांच्या कमानी आतून धुताना पाणी खालून वर मारा, म्हणजे साचलेली माती सुटते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात, ती लाल मातीने बुजतात आणि दारात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. प्रत्येक गाडीला ही भोकं लाकडी काडीने मोकळी करा. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, म्हणून काम झाल्यावर दाखवा.

किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची खालची बाजू साध्या पाण्याने भरपूर धुवा. काही ठिकाणी गंज थांबवायला खालून डिझेल फवारतात. ते कोणी सांगितलं तरी करू नका, रबरी बुश आणि होस त्याने फुगतात, आणि डिझेलला धूळ चिकटून थर बसतो.

धुण्याची वेळ सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतरची. तापलेल्या पत्र्यावर पाणी वाळलं की क्षारांचे डाग उरतात. ताजे डाग व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन निघतात. अर्धा मिनिट ठेवा, पुसा, लगेच धुऊन टाका.

आतलं काम

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाळू, मग बुरशी, मग डाग, शेवटी काच. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या घेतल्यात तर पहिला पाऊण तास वाळूतच जाईल. ओली वाळू कार्पेटच्या धाग्यांना धरून बसते, त्यामुळे वाळू पूर्ण निघेपर्यंत कसलाही द्रव मारायचा नाही. मॅट बाहेर काढा, सीट पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे सरकवा, रुळांतली वाळू ब्रशने बाहेर काढा. कार्पेटवर ब्रशच्या पाठीने ठोकत ठोकत व्हॅक्यूम फिरवा. नुसतं ओढून तळाची वाळू येत नाही.

बुरशी हे गोव्यातलं सगळ्यात मोठं काम आहे. पावसात दोन-तीन आठवडे बंद राहिलेल्या गाडीत सीटबेल्ट, स्टिअरिंग आणि सीटखाली पांढरट-हिरवट थर येतो. अशी गाडी मोकळ्या जागी आणा, चारही दारं उघडा, एन-९५ मास्क लावा. थेट कोरडा व्हॅक्यूम लावला तर बीजाणू मागच्या हवेबरोबर गाडीभर उडतात. आधी व्हिनेगर-पाण्याच्या मिश्रणात हलकं भिजवलेल्या फडक्याने थर पुसून घ्या, फडकं वरचेवर बदला. दहा मिनिटांनी साध्या ओल्या फडक्याने पुसा, आणि सगळं वाळल्यावर मग व्हॅक्यूम. खऱ्या लेदरवर व्हिनेगर नको, लेदर क्लीनरच वापरा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिमटा लावा, दोन्ही बाजू साफ करा आणि खडखडीत वाळेपर्यंत परत आत जाऊ देऊ नका. ब्लीच अजिबात नाही, त्याने बेल्टचा रंग आणि धाग्यांची ताकद दोन्ही जातात. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कापडी सीटसाठी ऑल पर्पज क्लीनर १ भाग, पाणी १० भाग. फवारा सीटवर नाही, ब्रशवर मारा. घासा, ओल्या व्हॅक्यूमने ओढा, ओलसर फडक्याने पुसा. सीटचा फोम भिजला तर जुलैत तो दिवसेंदिवस वाळत नाही, आणि आठवड्याने वास घेऊन गाडी तुमच्याच दारात परत येते. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. तिथे पाणी नको आणि ते ओढून काढायचेही नाहीत. वाळवायला टेबल फॅन तीन-चार तास लावा, शेवटी अर्धा तास काचा बंद करून एसी रिसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवत) चालवा. इंजिन सुरू ठेवायचं असल्यामुळे हे उघड्यावरच करा, बंद गॅरेजमध्ये धूर जीवघेणा ठरतो.

एसी लावला की कुबट वास येत असेल तर बहुतेक हॅचबॅकमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या मागे असलेला केबिन फिल्टर आधी बघा. ओला, पाचोळ्याने भरलेला असेल तर धुऊ नका, बदला. गिऱ्हाइकाला सांगा की घरी पोचण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवावा, म्हणजे आतली कॉइल वाळते.

आणि कार्पेट दाबल्यावर पाणी वर आलं तर शांपू काढूच नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीत विंडस्क्रीनच्या खालच्या जाळीत पानं अडकतात आणि पाणी केबिनमध्ये वळतं. ते नसेल तर एसीची निचरा नळी तुंबलेली असते, दाराचं रबर फाटलेलं असतं, नाहीतर सनरूफची नळी. कार्पेटखालचा जाड नमदा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. गळती दुरुस्त न करता केलेली सफाई पंधरा दिवसही टिकत नाही, आणि दोष तुमच्यावर येतो. अशा गाडीला आधी मेकॅनिककडे पाठवणं हेच प्रामाणिक काम.

पॉलिश कधी

हात बसल्यावर. कंपनीच्या रंगावरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक कंपाउंडिंगमध्ये (चरे घासून काढताना) त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात. एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी मशीन कडांवर क्षणात रंग उडवतं. घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन (फिरता फिरता डोलणारं, त्यामुळे कमी धोक्याचं) घ्या आणि भंगारातून आणलेल्या बॉनेटवर शिका. तोपर्यंत धुलाईनंतर हाताने लावायचं सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारा लेप) पुरेसं आहे. मे महिन्यात, पावसाच्या आधी, त्याला चांगली मागणी असते.

सणांची गर्दीही ठरलेली. चतुर्थीला घरी येणाऱ्यांच्या गाड्या, मग दसऱ्याची पूजा. पूजेनंतर कुंकू पांढऱ्या रंगावर राहिलं तर डाग धरतं, दुसऱ्या दिवशीच शांपूने काढा. हळदीचा पिवळेपणा उन्हाने फिका होतो, त्यासाठी घासत बसू नका. झेंडूच्या माळेची तार मात्र चरा पाडते, माळ दोऱ्याची असू द्या असं आधीच सांगा. शिगम्याचा गुलालही कोरडा पुसायचा नाही, पाण्याने वाहू द्यायचा.

दर आणि कागदपत्रं

छोट्या गाडीच्या आतल्या कामाला साडेतीन तास धरा. तासाला २५० म्हणजे ८७५, साहित्य १५०, पेट्रोल १००, यंत्रांची झीज १००. म्हणजे १,२२५ रुपयांच्या खाली काम घेतलंत तर खिशातून घालता. सात सीटच्या गाडीला दीड तास जास्त, बुरशी असेल तर आणखी दोन. हे गाडी पाहण्याआधी फोनवर ठरवू नका. शनिवारी एक, रविवारी एक, यापेक्षा जास्त गाड्या पहिल्या तीन महिन्यांत नको.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे, डॅशबोर्डचे फोटो मालकासमोर काढा. जुने चरे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आतलं सामान पिशवीत भरून त्यांच्या हातात द्या. गाडी शक्यतो त्यांनीच आणावी आणि न्यावी.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत आहे. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. घरीच काम करणार असाल तर परवान्याबद्दल पंचायतीत किंवा पालिकेत विचारा, सोसायटीत राहत असाल तर समितीची लेखी परवानगी घ्या. आणि साबणाचं पाणी विहिरीकडे, शेजाऱ्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा शेताच्या पाटात जाणार नाही असा उतार बघूनच गाडी उभी करायची जागा ठरवा.