ऑशकॉशला स्वतः विमान चालवत जाणार असाल, तर या चुका टाळा

मे महिना उजाडला की इंदूरच्या फ्लाइंग क्लबात शिकलेल्या आणि आता अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलांचे फोन मला येऊ लागतात. जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा आठवडाभराचा मेळा भरतो. तिथे भाड्याचे छोटे विमान घेऊन उतरायचे, विमानाशेजारीच तंबू ठोकायचा आणि दुपारच्या हवाई कसरती पाहायच्या, असा त्यांचा बेत असतो. बेत उत्तमच आहे. १९५३ साली मिलवॉकीत लहान प्रमाणावर सुरू झालेला आणि १९७० पासून ऑशकॉशला स्थिरावलेला हा मेळा आता इतका वाढला आहे की त्या आठवड्यात आसपासचे विमानतळ धरून दहा हजारांहून अधिक विमाने तिथे येतात. मात्र "काका, तंबू कोणता घेऊ?" असे सगळेच विचारतात आणि "नोटीस कुठे मिळेल?" असे क्वचितच कोणी विचारतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

अमेरिकेचे विमान प्रशासन या मेळ्यासाठी दरवर्षी स्वतंत्र नोटीस काढते. ती लांबलचक असते, दरवर्षी तिच्यात काही ना काही बदलते, आणि ती कागदावर छापून मांडीवर ठेवण्यासाठीच असते. कोणीतरी चित्रित केलेले उड्डाण मोबाइलवर पाहिले म्हणजे नोटीस वाचली असे समजणाऱ्यांना मी सरळ सांगतो की मोटारीने जा. तिच्यातला गाभा थोडक्यात असा: ऑशकॉशजवळच्या रिपन गावापासून फिस्क या खेड्यापर्यंत रेल्वेच्या रुळांवरून, एकामागे एक, अर्ध्या मैलाचे अंतर राखून, ९० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेगाने आणि समुद्रसपाटीपासून १८०० फुटांवर उडायचे. ज्यांना इतके हळू उडता येत नाही, त्यांच्यासाठी १३५ नॉट आणि २३०० फूट.

आता इंदूरकरांची अडचण पाहा. आपल्या विमानतळाची जमीनच सुमारे १८५० फुटांवर असल्याने सर्किटची, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवती घालायच्या फेरीची, उंची म्हणून २८००-२९०० हा आकडा आमच्या मुलांच्या अंगात मुरलेला असतो. ऑशकॉशची जमीन सुमारे ८०० फुटांवर आहे, म्हणजे १८०० फुटांवरही पायाखाली हजार फूट मोकळे असतात. तरीही अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या तबकडीवर) १८०० हा आकडा दिसला की हात आपोआप योक, म्हणजे विमानाचे सुकाणू, मागे ओढतो आणि विमान वरच्या, जलद विमानांच्या थराकडे सरकू लागते. मेळ्याला जाण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या सखल ठिकाणी जाऊन ९० नॉट आणि ठरलेली उंची किमान अर्धा तास न ढळू देता धरून ठेवण्याचा सराव करावा. हे कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

दुसरी सवय रेडिओची. भारतात कंट्रोलरचा प्रत्येक शब्द आपल्या पूर्ण कॉल साइनसह (विमानाच्या रेडिओवरच्या ओळखनावासह) परत म्हणून दाखवायला आम्ही शिकवतो आणि ते योग्यच आहे. फिस्कला मात्र कंट्रोलर जमिनीवरून दुर्बिणीने पाहत असतो. तो नोंदणी क्रमांक विचारत नाही. विमानाचा रंग आणि घडण सांगून पंख हलवायला सांगतो. तुम्ही पंख हलवायचे, बोलायचे नाही. आमचा शिस्तीचा विद्यार्थी नेमका तिथे सविस्तर उत्तर देत बसतो आणि मागच्या दहा विमानांच्या सूचना अडवतो. माझ्या दिवाणखान्यात मी मुलांना खुर्चीवर बसवून, तोंडात सुपारी धरायला लावून हा सराव करून घेतो. भाड्याचे विमान नक्की कोणत्या रंगाचे आहे, हेही आधी पाहून ठेवावे; आयत्या वेळी "आपण निळे की करडे?" हा वाद कॉकपिटमध्ये झालेला मी ऐकला आहे.

पुढच्या विमानाच्या फार जवळ गेलात, तर नागमोडी वळणे घेऊन वेळ काढू नका आणि त्याला ओलांडूही नका. रांगेतून बाहेर पडून पुन्हा सुरुवातीपासून या. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात आणि सांगितलेल्या ठिपक्यावरच उतरायचे असते, त्यामुळे नेमक्या जागी चाके टेकवता येत नसतील, तर त्या वर्षी बेत रद्द करणे शहाणपणाचे.

इंधनाबद्दल माझे मत कडवे आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे दिवसा अर्ध्या तासाचे राखीव इंधन पुरते, पण मेळ्याच्या आदल्या शनिवार-रविवारी ते पुरत नाही. २०१८ साली त्या दोन दिवसांत खराब हवामानाने वाट अडवली आणि नंतर इतकी विमाने एकदम आली की अनेकांना तासन्‌तास घिरट्या घालाव्या लागल्या. दीड-दोन तासांचे इंधन हाताशी असावे आणि फाँड-दु-लॅक किंवा अ‍ॅपलटनला उतरण्यात कमीपणा वाटू नये. दुपारच्या कसरती चालू असताना आणि रात्री आठनंतर ऑशकॉशचा विमानतळ बंद असतो, हे विसरून निघणारेही कमी नाहीत.

आता विमान बांधण्याविषयी, कारण सर्वांत महागडी चूक तिथेच होते. विमाने गवतावर उभी करायची असतात आणि दोर, मेखा सगळे आपले आपण न्यायचे असते. इथून गेलेल्या दोघा मुलांनी कुत्रा बांधायच्या पिळाच्या खुंट्या दुकानातून स्वस्तात घेतल्या होत्या. माझा मुक्काम त्यांच्या मागच्या रांगेत होता. संध्याकाळी वायव्येला आभाळ काळवंडलेले दिसले, तेव्हा मी त्यांना दोर तपासायला सांगितले. "जेवून आल्यावर बघतो, काका," असे म्हणून ते गेले. जुलैत त्या भागात वादळाच्या पुढे वाऱ्याचा जो लोट धावतो, तो जेवणे उरकेपर्यंत थांबत नाही. त्यांचे सेसना १७२ हे रिकामे असताना जेमतेम साडेसातशे किलोंचे विमान आहे आणि पन्नासएक नॉटच्या वाऱ्यावर त्याचे पंख उडण्याइतके बळ देतात. विमान उभे आहे की पळते आहे, याच्याशी वाऱ्याला कर्तव्य नसते. डाव्या पंखाची खुंटी ओल्या मातीतून बाटलीच्या बुचासारखी निघाली, पंख वर उचलला गेला, उजव्या पंखाचे टोक जमिनीला घासले आणि शेपूट फिरून शेजारच्या विमानापासून हातभर अंतरावर थांबले. योक अडकवून ठेवण्याची पिन भाड्याच्या विमानात नव्हती आणि सीटबेल्टने योक आवळून ठेवण्याचे यांना सुचले नव्हते, म्हणून एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, आपटून आपटून त्याची बिजागरीही वाकली. विमान तिथेच राहिले, मुले बसने परतली आणि भाड्याच्या करारातला विमा या प्रकाराला लागू नाही, हे त्यांना नंतर कळले.

माझी पद्धत अशी: प्रत्येक टोकाला एकाऐवजी तीन लांब मेखा, तिन्ही तिरप्या ठोकलेल्या, नायलॉनचा दोर, कारण काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि पंखाला ओढ देतो, न सरकणारी गाठ, आणि इंजिन बंद झाल्यावर पहिले काम हेच, तंबू नंतर. वादळ सुरू झाल्यावर पंख धरून उभे राहण्याचे धाडस कोणी करू नये, कारण वीज धातूचे विमान आणि माणूस यांत फरक करत नाही.

किरकोळ चुका पुष्कळ आहेत. तंबू डाव्या पंखाखाली ठोकू नका. सेसनाच्या इंधनाच्या टाकीचा व्हेंट (हवेची नळी) तिथे असतो आणि भरलेली टाकी उन्हात तापली की थेंब गळतात. स्टोव्हही तिथे पेटवू नका. सखल जागा टाळा. २०१० साली पावसाने मैदानाचा इतका चिखल झाला होता की विमाने उभी करायला कोरडी जमीन उरली नव्हती. सेसना १७२मध्ये मागच्या सामानाची मर्यादा १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो आहे. तीत तंबू, बर्फाची पेटी आणि आईने दिलेले शेव-चिवड्याचे डबे हे सगळे मोजावे. भारतीय परवान्याच्या आधारे अमेरिकी परवाना मिळवण्याची पडताळणी आयत्या वेळी होत नाही. जूनमध्ये फोन करणाऱ्यांना मी पुढच्या वर्षाची तारीख देतो.

परतीच्या दिवशी घाई आणखी वाढते. रात्री पाऊस झाला असेल, तर जुन्या भाड्याच्या विमानांच्या टाक्यांत झाकणातून पाणी उतरते. प्रत्येक निचऱ्याच्या तोटीतून इंधनाचा नमुना बाटलीत काढा आणि बाटलीच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर तो दिसेनासा होईपर्यंत काढत राहा. रांगेतला झेंडेवाला स्वयंसेवक हात हलवत असला, तरी तो थांबतो.