सरफेसचा सॉलिड करायला घेण्याआधी

कॅडमध्ये सरफेस म्हणजे जाडी नसलेला पृष्ठभाग, सॉलिड म्हणजे सगळीकडून बंद, भरीव आकार. पहिली चौकशी फाइल पाठवणाऱ्याकडे: मूळ मॉडेलमधून स्टेप फाइल काढून मिळेल का? आयजेस फाइलमधले सरफेस बहुतेकदा सुटे येतात. कोणता फेस (पृष्ठभागाचा एक तुकडा) कोणाला जोडलेला आहे, हे त्या फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं. सॉलिड म्हणून काढलेल्या स्टेपमध्ये ते असतं, त्यामुळे एका फोनवर दिवसभराची शिवण (फेस जोडण्याचं काम) टळू शकते. एसटीएल आली असेल तर तो त्रिकोणांचा मेश आहे. त्याची वाट वेगळी, इथलं काही त्याला लागू नाही.

इम्पोर्ट झाल्यावर एक ओळखीचं माप तपासा. एखाद्या भोकाचा व्यास २५.४ पट मोठा किंवा लहान दिसला, तर इंच आणि मिलिमीटरचा घोळ आहे. तो आत्ताच सोडवा, कारण टॉलरन्सचे (किती फट चालेल याचे) सगळे आकडे युनिटवरच उभे असतात. मग इम्पोर्टची कोरी प्रत वेगळ्या नावाने ठेवून द्या.

आता साफसफाई. एकावर एक पडलेले दुहेरी फेस काढा. ऱ्हायनो या कॅड सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब जोड्या 'सेलडप'ने सापडतात. हे राहिले तर एकाच एजवर (कडेवर) तीन फेस येतात आणि सॉलिड बंद होत नाही. केसासारखे बारीक फेसही उडवा आणि शेजारचे फेस वाढवून एकमेकांवर ट्रिम करा. नुसता पॅच मारू नका, त्याने कडेला लाट येते.

खरा वेळ गॅपवर, म्हणजे फेसमधल्या फटींवर द्या. उघड्या एज दाखवणारी सोय वापरा: ऱ्हायनोत 'शोएजेस', सॉलिडवर्क्समध्ये 'इम्पोर्ट डायग्नोस्टिक्स'. प्रत्येक गॅप मोजा. समजा सर्वांत मोठा गॅप ०.०२ मिमी आहे, तर स्टिचचा टॉलरन्स ०.०३ ठेवून बघा. पण त्याच मॉडेलमध्ये ०.०५ मिमीची एज असेल, तर टॉलरन्स ०.१ वर नेणं घातक: ती एजच गिळली जाते. सॉलिड झाल्याचं दिसतं, आणि चार फीचर पुढे गेल्यावर फिलेट (कडेची गोलाई) बसत नाही. आकडा वाढवून जबरदस्तीने जोडण्यापेक्षा तो एक फेस काढून, भोवतीच्या एजवरून नव्याने बांधलेला कधीही बरा.

शिवताना सगळे फेस एकदम निवडू नका. दहा-पंधरा फेसचे गट करा, प्रत्येक गट जोडल्यावर बाहेरच्या कडेखेरीज आत उघडी एज उरली नाही ना ते पाहा, मग गट एकमेकांना जोडा. बिघडलं तर कुठे बिघडलं ते लगेच कळतं. सॉलिडवर्क्सच्या 'निट सरफेस'मध्ये सॉलिड करण्याच्या पर्यायावर टिक हवी. फ्रीकॅडमध्ये फेसपासून शेल (जोडलेल्या फेसचं कवच) बनवल्यावर त्याचा सॉलिड करणं ही वेगळी पायरी आहे. ती हमखास विसरते.

सॉलिड झाल्यावर त्याचं घनफळ बघा. ते ऋण आलं, तर फेसचे नॉर्मल (बाहेरची बाजू दाखवणारे बाण) आतल्या बाजूला वळलेले आहेत, ते उलटवा. दोन-तीन ठिकाणी सेक्शन घेऊन कापलेला भाग भरीव दिसतो का पाहा. शेवटी कॉपीवर १ मिमीचा शेल (इथे, सॉलिड आतून पोकळ करणारं फीचर) लावून बघा. जाडी मॉडेलला झेपणारी असूनही शेल फसला, तर एरर ज्या फेसवर बोट ठेवते, आधी त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची एज तपासा.