लघुपटाची सुरुवात करताना या चुका टाळा

‘एका काल्पनिक चित्रपटाची पहिली दोन मिनिटे तयार करा’ असा प्रकल्प वर्गात दिला की पुष्कळशा चित्रफिती मोबाइलच्या गजराने सुरू होतात. नायक डोळे चोळत उठतो, दात घासतो, चहा घेतो, गाडी काढतो आणि झेड ब्रिजवर पोहोचेपर्यंत वेळ संपतो. पुण्यात अशी कामे तपासताना माझे एक मत पक्के झाले आहे: विद्यार्थ्यांकडे कथा बहुधा चांगली असते, पण ती सुरू होण्याआधीच त्यांची चित्रफीत संपलेली असते.

एका गटाने सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात चित्रीकरण केले होते. आजी गेल्यानंतर तिची बंद खोली उघडायला नात येते, एवढीच गोष्ट होती. पहिल्या कटात, म्हणजे जोडणीच्या पहिल्या आवृत्तीत, ती बसमधून उतरते, रिक्षा करते, दिंडी दरवाजातून आत येते, लाकडी जिना चढते आणि एक मिनिट पन्नास सेकंदांनी कुलपाला हात लावते. यांतले काय काढले तर गोष्टच उरणार नाही, असे विचारल्यावर बराच वाद होऊन उत्तर आले, कुलूप. तिसऱ्या कटात काळ्या पडद्यावर किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज येतो, मग हात दिसतो, एक किल्ली लागत नाही, दुसरी लागत नाही, आणि मागून शेजारच्या काकू म्हणतात, “अगं, ती खोली राहू दे ना आत्ता.” जिन्याचा शॉट खरोखर देखणा होता आणि तो काढताना कॅमेरा करणाऱ्या मुलाचा चेहरा पडला. शॉट मिळवायला किती घाम गाळला याचा हिशेब प्रेक्षकाकडे नसतो, हे पटायला दोन-तीन कट जावे लागतात.

याच्या उलट चूक म्हणजे सगळेच झाकून ठेवणे: धावणारे पाय, थरथरणारा हात, धूसर चेहरा आणि खाली दडपण आणणारे संगीत. कोण आहे, कुठे आहे आणि त्याला काय हवे आहे, यांपैकी किमान एक गोष्ट पहिल्या अर्ध्या मिनिटात कळली नाही, तर प्रेक्षकाला उत्कंठा वाटत नाही, तो नुसता गोंधळतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आपल्याच गावात आहे. तिथल्या एखाद्या खेळाला जाल तेव्हा पहिली पाच मिनिटे वही घेऊन बसावे आणि पहिला संवाद कधी आला, तोवर किती शॉट झाले, एवढेच टिपावे.

आवाजाकडे दुर्लक्ष

आवाजाची चूक चित्रीकरणाच्या दिवशी होते आणि कळते मात्र संकलनाला बसल्यावर. दहा फुटांवरच्या मोबाइलने टिपलेल्या संवादात संवादापेक्षा खोलीच अधिक ऐकू येते. वेगळा माइक नसेल तर दुसरा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी सुरू करून पात्राच्या खिशात किंवा चौकटीबाहेर जवळच ठेवावा आणि प्रत्येक टेकच्या (एका सलग चित्रीकरणाच्या) आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे दोन्ही आवाज संकलनाच्या टाइमलाइनवर जुळवता येतात. पंखा बंद करावा. फ्रिजही बंद करावा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवून द्यावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. (ही युक्ती ध्वनिमुद्रकांमध्ये जुनी आहे; दूध नासल्यावर ती सर्वांनाच पटते.) गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे नदीपात्राजवळच्या घरात संध्याकाळचे शांत दृश्य ठरवू नये, कारण ढोल-ताशा पथकांचा सराव कोणत्याही सॉफ्टवेअरने पुसला जात नाही.

संवाद संपल्यावर सर्वांनी स्तब्ध राहून त्या जागेची नुसती शांतता तीस सेकंद मुद्रित करावी. दोन शॉटमधल्या फटीत ती भरली नाही, तर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो. हे राहिले असेल, तर त्याच जागी त्याच वेळेला परत जाणे हाच उपाय आहे.

सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी ओठांच्या पुढेमागे होऊ लागला, तर पुष्कळदा दोष मोबाइलचा असतो. अनेक मोबाइल फ्रेमचा वेग (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) स्थिर न ठेवता कमीजास्त करतात. अशी फाइल हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्यावी आणि मगच संकलनाला बसावे.

प्रकाश आणि दिशा

ट्यूबलाइटखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात, याचे कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी सेकंदाचा साठावा भाग उघडे, असेल तर त्याचा या लुकलुकण्याशी मेळ बसत नाही. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले की पट्टे बहुधा जातात. पात्र खिडकीजवळून गेल्यावर चित्र आपोआप उजळत-काळवंडत असेल, तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करावे. दोन पात्रे बोलत असताना कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा. रेषा ओलांडली गेलीच असेल, तर मध्ये हाताचा किंवा वस्तूचा क्लोजअप घालून निभावून नेता येते.

मराठी श्रेयनामावली

‘दिग्दर्शन’ या शब्दातली वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली आणि ‘क्ष’ फुटलेला मी इतक्यांदा पाहिला आहे की आता आधी नावेच तपासतो. प्रीमिअर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे टेक्स्ट इंजिन निवडून प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा आणि फाँट युनिकोडच वापरावा. तरीही जमले नाही, तर नावे दुसरीकडे लिहून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी प्रतिमा म्हणून आणाव्यात. प्रत्येक नाव शांतपणे दोनदा वाचून होईल एवढा वेळ पडद्यावर राहिले पाहिजे.

सादरीकरणाच्या सकाळी ‘मीडिया ऑफलाइन’ अशी लाल पाटी दिसते, कारण प्रकल्पाच्या फाइलमध्ये फुटेज नसते, फुटेजचा फक्त पत्ता असतो, आणि पेन ड्राइव्ह घरी राहिलेला असतो. सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवावे, त्याची दुसरी प्रत करावी आणि कटांना ‘फायनल फायनल’ अशी नावे देण्याऐवजी क्रमांक द्यावेत. फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याचा दर्जा घसरतो. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

दुरुस्ती करताना

रफ कट (कच्ची जोडणी) आधी आवाज बंद करून पाहावा, नंतर डोळे मिटून ऐकावा, आणि मग कथा ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवावा. दाखवताना एक शब्दही समजावून सांगू नये आणि ‘आवडले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘छान आहे’ हेच येते. काय घडले आणि आता काय होईल, एवढेच विचारावे. वाड्यातल्या गटाने आपला तिसरा कट कँटीनच्या काकांना दाखवला. तो अर्धा झाला असतानाच त्यांनी विचारले, “पण कुलूप लावलं कोणी?” पुढच्या वीस सेकंदांत नातीच्या स्वगतातून नेमके तेच सांगितलेले होते. मुलांनी ते स्वगत त्याच संध्याकाळी काढून टाकले.