कॉमन्सवर छायाचित्रे चढवण्याची वाट सोपी कशी करावी

गावोगावच्या वास्तूंची छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला चित्रे पुरवणाऱ्या मुक्त संग्रहावर, चढवण्यासाठी मी कार्यशाळा घेतो, आणि नवा सदस्य नेमका कोठे अडतो हे तेथे वारंवार पाहिले आहे. तेथील फायली चढवण्याचे साधन, म्हणजे अपलोड विझार्ड, आधी फायली घेतो, त्या चढू देतो आणि मगच त्या कोणाच्या आहेत हे विचारतो. ज्याने अर्धा तास खर्चून वीस छायाचित्रे चढवली, त्याला त्यांतील बारा चालणार नाहीत हे तेव्हा कळले, तर तो सहसा परत येत नाही. म्हणून आयोजकाने हा प्रश्न संगणक उघडण्यापूर्वीच विचारावा.

‘हा फोटो तुम्ही स्वतः काढला आहे का?’ एवढेच साध्या मराठीत विचारावे. ‘स्वामित्वहक्क तुमचा आहे का?’ असे विचारले, तर घरातील अल्बममध्ये फोटो आहे म्हणजे तो आपलाच, असे समजून लोक होकार देतात. फोटो दुसऱ्याने काढला असेल, तर त्याची ईमेलने परवानगी येईपर्यंत तो बाजूला ठेवावा. फोटो स्वतःचा असला, तरी त्यात काय टिपले आहे ते पाहावे लागते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मुळे इमारती आणि सार्वजनिक जागी कायम उभे असलेले पुतळे यांची छायाचित्रे चालतात. चौकातील फ्लेक्स, आजच्या चित्रकाराने रंगवलेली भिंत किंवा पुस्तकाचे मुखपृष्ठ यांना ती सवलत नाही. या दोन प्रकारांची चार-चार चित्रे कागदावर छापून टेबलावर ठेवली की लांबलचक भाषणाची गरज उरत नाही.

दुसरी अडचण फायलींची असते. आयफोनची हेइक (HEIC) प्रकारची छायाचित्रे आणि एमपी४ चित्रफिती कॉमन्स स्वीकारत नाही, त्यामुळे छायाचित्रांसाठी आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय आदल्या दिवशीच निवडायला सांगावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लहान झालेला असतो, आणि तारीख व ठिकाण यांची त्यातील नोंदही निघून गेलेली असते. पाठवायचाच असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

फायलीच्या नावाकडे मात्र मी सर्वांत जास्त लक्ष देतो, कारण पुढे शोधणाऱ्याच्या हाती तेच लागते. कॅमेऱ्याने दिलेला आकडा किंवा नुसते ‘मंदिर’ हे नाव निरुपयोगी आहे. गाव, वास्तू आणि तिचा कोणता भाग, एवढे तरी त्यात यावे, जसे ‘सासवड संगमेश्वर मंदिर नंदीमंडप’. नाव देवनागरीत खुशाल द्यावे. फक्त नावाची मर्यादा २४० बाइट आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे जेमतेम ८० चिन्हे बसतात, हे ध्यानात ठेवावे. काना, मात्रा, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण ते चार चिन्हांचे, बारा बाइटचे असते. उरलेली माहिती वर्णनात लिहावी.

उपक्रम मोठा असेल, तर आयोजकाने कॉमन्सची व्यवस्था पाहणाऱ्या प्रचालकांकडून अधिकार मागून अपलोड विझार्डचे स्वतंत्र अभियान-पान, म्हणजे त्या उपक्रमापुरते चढवण्याचे पान, तयार करावे. त्यात परवाना (फोटो इतरांनी कोणत्या अटींवर वापरावा) आणि वर्ग (फायल कोणत्या विषयाखाली लावायची) आधीच भरून ठेवता येतात व सूचनाही आपल्या शब्दांत लिहिता येतात, त्यामुळे सदस्याला वर्ग इंग्रजीत शोधत बसावे लागत नाही. छोट्या कार्यशाळेला त्याची गरज नाही. नेहमीच्या विझार्डचा मराठी भाषा ठरवून दिलेला दुवा पुरतो.

चढवून झाल्यावर काम संपले असे समजू नये. एखाद्या फायलीबद्दल शंका आली, तर तिची सूचना सदस्याच्या चर्चापानावर, म्हणजे त्याला निरोप लिहिण्याच्या कॉमन्सवरील पानावर, लागते आणि नव्या माणसाला ते पान ठाऊकच नसते. म्हणून कार्यशाळा संपण्यापूर्वी प्रत्येकाला त्याचे चर्चापान उघडून दाखवावे, पसंतीक्रमात, म्हणजे खात्याच्या सेटिंगमध्ये, ईमेल सूचना चालू करून द्याव्यात आणि पुढचे दोन आठवडे ती पाने आयोजकाने स्वतःही पाहत राहावे.