माहितीपटवाल्यांचा मेळावा भरवताय? या चुका टाळा

पडद्यावर उरणजवळच्या करंजाची एक आजी जाळं दुरुस्त करता करता बोलत होती. ओठ हलत होते, मागे लाटांचा आवाज छान येत होता, मधेच संगीतही वर आलं. आजीचा आवाज मात्र कुठेच नाही. ठाण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये आम्ही साठेक जण बसलो होतो. दिग्दर्शक पेणचा, पहिलाच माहितीपट. मागून कुणीतरी म्हणालं, "फाइल करप्ट झाली असेल." त्या पोराचा चेहरा बघवेना.

फाइल ठणठणीत होती. चूक आमची होती, आयोजकांची.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून येणारा आवाज स्टिरिओ असतो, म्हणजे डावा वेगळा, उजवा वेगळा. आम्ही ती वायर मिक्सरच्या माइकसाठीच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली होती. असं इनपुट दोन तारांवरच्या सिग्नलमधला फक्त फरक उचलतं. माणसाचं बोलणं आपण एडिटमध्ये मधोमध ठेवतो, त्यामुळे ते दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं असतं. सारख्यातून सारखं वजा केलं की हाती शून्य. लाटा आणि संगीत दोन्हीकडे थोडं थोडं वेगळं असतं म्हणून ते उरतं.

असं झालं तर लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये जा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा. बोलणं तिथल्या तिथे परत येतं. पुढच्या वेळेसाठी एका टोकाला छोटा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठे मोनो जॅक असलेली वायर घेऊन ठेवा आणि ते दोन जॅक मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. आम्हाला हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं. वीस मिनिटं पेनड्राइव्ह बदलण्यात घालवली.

पेनड्राइव्हवरून आठवलं. जुना पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, मग ड्राइव्हची क्षमता ६४ जीबी का असेना. तासाभराच्या चांगल्या दर्जाच्या माहितीपटाची फाइल त्याच्या वर सहज जाते. मग माणूस निघायच्या घाईत लहान फाइल काढतो आणि पडद्यावर काळोखातले प्रसंग चौकोन चौकोन दिसतात. बोलावणं पाठवतानाच 'पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये आणा' अशी एक ओळ घाला. सबटायटलची वेगळी फाइल चालवायच्या भानगडीत पडू नका. प्लेअरला देवनागरी नीट जमलं नाही तर वेलांट्या भलत्याच अक्षरावर चढतात आणि जोडाक्षरं सुटी पडतात. प्रदर्शनाच्या प्रतीत सबटायटल चित्रातच पक्की करून आणायला सांगा. आणि प्रत्येक फाइल आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, त्याच स्पीकरवर लावून बघा. सुरुवातीची दोन मिनिटं, मधली दोन, शेवटची दोन. पूर्ण बघायची गरज नाही.

हॉल आणि वेळ

गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह मिळालं तर कुणाला नको असतं! पण ती नाटकासाठी बांधलेली. पन्नास-साठ माणसं तिथे पेरल्यासारखी बसतात आणि शेवटच्या रांगेतला पहिल्या रांगेतल्याशी बोलूच शकत नाही. ग्रंथालयाचा किंवा संस्थेचा छोटा हॉल बरा. फक्त खिडक्या बघून या, आणि ज्या वेळेला कार्यक्रम असेल त्याच वेळेला बघून या. सकाळी अकराला पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन पडद्यावर पडलं तर हजारो रुपये भाड्याचा प्रोजेक्टरही काही करू शकत नाही. आम्ही काळा कपडा आणि चिकटपट्टी सोबत नेतो.

रविवारी सकाळची वेळ कधीच ठेवू नका. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारीच मेगाब्लॉक असतो, तो साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो. कल्याण-डोंबिवलीची मंडळी ठाण्याला आणि पनवेल-उरणची वाशीला धापा टाकत पोचतात. शनिवारी दुपारी तीन ते आठ ही वेळ आम्हाला मानवली. नवरात्रात टेंभी नाक्याच्या आसपासचा हॉल तर घेऊच नका. गर्दी आणि लाउडस्पीकर, माहितीपटातलं कुजबुजणं कुणाला ऐकू जाणार?

शाल, श्रीफळ आणि साडेपाच

आमच्या पहिल्या मेळाव्याला तीन वाजता दीपप्रज्वलन झालं. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, चार जणांचा सत्कार, मग एका मान्यवरांचं मनोगत, जे मनोगत कमी आणि आत्मचरित्र जास्त होतं. पहिली फ्रेम पडद्यावर पडली तेव्हा साडेपाच वाजले होते. जव्हारहून आलेली एक मुलगी आपल्या रफ कटची, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या माहितीपटाची, हार्ड डिस्क मांडीवर घेऊन बसली होती. साडेसहाला ती एसटी चुकेल म्हणून उठून गेली. तिचा कट आम्ही पाहिलाच नाही.

आता आम्ही नारळ फोडत नाही. कुणाचा सत्कार करायचाच असेल तर चहाच्या वेळी, उभ्या उभ्या. मोठ्या माणसाला बोलवायचंच झालं तर भाषणाला बोलवू नका, त्याच्या एखाद्या प्रसंगाचं कच्चं फुटेज घेऊन बोलवा आणि ते कसं कापलं ते एडिटच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर दाखवायला सांगा. निम्मे जण नाही म्हणतील. उरलेल्या निम्म्यांकडून जे कळतं ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही.

'छान झालंय'

मेळाव्याचा जीव घेणारे दोन शब्द कुठले विचाराल तर हेच. रफ कट संपतो, दिवे लागतात, आणि एक एक जण म्हणतो, "छान झालंय, फक्त थोडं ट्रिम कर." ज्याने दोन वर्षं घालवली आहेत त्याला यातून काय मिळतं? दुसरं टोक त्याहून वाईट. एखादा ज्येष्ठ माइक हातात घेतो आणि 'मी असतो तर' म्हणून स्वतःचाच माहितीपट तोंडी बनवायला लागतो.

नेरूळच्या एका मुलाने वाशीच्या बाजारातल्या माथाडी कामगारांवर अठरा मिनिटांचा कट आणला होता. सुरुवात १९६९ च्या माथाडी कायद्यापासून, मग अण्णासाहेब पाटलांचं काम, जुन्या छायाचित्रांवर निवेदन. अभ्यास भरपूर केलेला. सगळे छान म्हणाले. मग मागच्या रांगेतले आमचे साउंडवाले काका हळूच म्हणाले, "अरे, पहिली गोणी पाठीवर कधी येते?"

मुलाने टाइमलाइन उघडली. अकराव्या मिनिटाला.

कुणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. त्याने पुढच्या महिन्यात कट आणला तेव्हा सुरुवातीला फक्त श्वास ऐकू येत होता, मग गोणी पाठीवर पडल्याचा धप्प आवाज, मग अंधारातून ट्रकचा मागचा दिवा. कायदा बाराव्या मिनिटाला आला आणि तेव्हा तो ऐकावासा वाटला.

काकांच्या त्या प्रश्नावरून आम्ही पद्धतच ठरवून टाकली. कट दाखवायच्या आधी करणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या: लांबी किती, काम कुठवर आलंय, आणि त्याला स्वतःला कुठे अडलंय. विषयाची प्रस्तावना बंद, कारण जे तोंडी सांगावं लागतं ते कटमध्ये नाही हे आपल्याला कळायला हवं. पहिल्या फेरीत बघणाऱ्यांनी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं, काय कळलं नाही तेवढं बोलायचं. 'ती बाई आणि आधीची बाई एकच आहे का?' असं. सल्ले दुसऱ्या फेरीत, तेही त्याने मागितले तर. तोवर त्याने गप्प बसून लिहून घ्यायचं. हे गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही. मलाही माझ्या कटच्या वेळी जमलं नव्हतं, मधेच म्हणाले, "अहो, ते पुढे येतंय ना!" वीस मिनिटांपेक्षा मोठा कट घेऊ नका आणि एका दुपारी तीनच घ्या.

त्याच बाजाराच्या फुटेजमध्ये रात्रीच्या दिव्यांखाली काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की बहुतेक दिव्यांखाली पट्टे जातात. मोबाइल स्वतःच्या मर्जीने शटर बदलत राहतो म्हणून मॅन्युअल अ‍ॅप वापरायचं. ही दोन मिनिटांची गोष्ट तिथे बसलेल्या सहा जणांना नवी होती, हे नंतर चहाच्या वेळी कळलं. सभेत विचारायला लाजले होते.

पडद्यावरची माणसं

'माझं कॅरेक्टर', 'माझा सब्जेक्ट' हे शब्द माहितीपटवाल्यांच्या तोंडी इतके बसलेत की बोलताना जाणवत नाहीत. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसवली त्यांपैकी एका गावावरचा कट आम्ही पाहिला तेव्हा त्या गावचे एक आजोबा समोरच बसले होते, मुद्दाम बोलावलेले. एकाने हात वर करून विचारलं, "हे कॅरेक्टर शेवटी थोडं कमी केलं तर?" आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे मीच ना?" ज्याच्यावर माहितीपट आहे तो माणूस हॉलमध्ये असेल तर तो आहे हे आधी सगळ्यांना सांगा. आणि रफ कट त्याने घरच्यांसोबत निवांत आधीच पाहिलेला असू दे, साठ अनोळखी माणसांमध्ये पहिल्यांदा नको.

भाषेचंही तेच. 'प्रादेशिक' म्हटलं की सगळं मराठीत धरून चालतो आपण. अहिराणी किंवा वारली बोलणारा माणूस पडद्यावर असेल तर मराठी प्रेक्षकालाही सबटायटल लागतात. आगरी बोलीला ठाण्यात नाही लागणार, नागपूरला लागतील. पण सबटायटलमध्ये त्याच्या बोलीचं पुस्तकी मराठी करून टाकू नका. चांगल्या शिव्या अशाच मरतात.

परवानगी

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं आणि हा नियम माहितीपटालाही आहे. महोत्सव केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मागू शकतात. त्यामुळे 'सर्वांना मुक्त प्रवेश' असं पोस्टर छापायच्या आधी, दाखवताय ते पूर्ण झालेलं काम आहे की आपसात बघायचा कच्चा कट, ते ठरवा. हा वाद माहितीपटवाल्यांना नवा नाही. २००४ च्या मिफसाठी, म्हणजे मुंबईच्या माहितीपट-लघुपट महोत्सवासाठी, भारतीय चित्रपटांवर सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकत्र आले. अट मागे घ्यावी लागली, आणि महोत्सवाने नाकारलेले माहितीपट 'विकल्प' या समांतर महोत्सवात मुंबईतच दाखवले गेले. इतकी माणसं इतक्या गावांतून एकत्र आली ती कुणी शाल पांघरली म्हणून नव्हे.

आणखी एक. कटमध्ये तात्पुरतं म्हणून, परवानगी न घेता टाकलेलं सिनेमाचं गाणं मेळाव्यात वाजतं, टाळ्या मिळतात आणि मग ते काढवत नाही. आधीच काढा.

ओळखीपाळखी

'चला, सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या' असं म्हणालात की संपलं. पन्नास जण, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे शंभर मिनिटं गेली आणि शेवटी एकही नाव लक्षात नाही. आम्ही छातीवर लावायच्या चिठ्ठीवर नाव आणि गावाखाली दोन ओळी लिहायला लावतो: काय हवंय आणि काय देता येईल. 'अहिराणी कळणारा एडिटर हवा.' 'दोन कॉलर माइक आहेत, शनिवार-रविवारी न्या.' 'मोखाड्यात राहायची सोय करीन.' चहाच्या रांगेत लोक चेहऱ्याआधी चिठ्ठी वाचतात आणि काम होतं. या चिठ्ठ्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह होईल, पण ज्याची त्याला विचारून मगच. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहायचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून गुलाबाची फुलं यायला लागतात.

हॉल मात्र कार्यक्रमापेक्षा एक तास जास्तीचा घ्या. आठ वाजता सगळं संपतं, खुर्च्या रचायला सुरुवात होते आणि नेमकी तेव्हाच दोन माणसं पंख्याखाली एकमेकांशी बोलायला लागतात, एकाच्या हातात हार्ड डिस्क असते. आमचे हॉलवाले काका सव्वाआठला पंखे बंद करायचे. आता त्यांना नऊपर्यंतचे पैसे आधीच देऊन ठेवतो.