मोरीचं पाणी वांग्यांना द्यायचं असेल तर आधी हे करा

जळगावात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, नळाला रोज पाणी येईलच असं नाही, आणि तरी आपल्याच घरातून दिवसाला दोन-तीनशे लिटर पाणी सरळ गटारीत जातं, हे मला खरंच बघवत नाही. मागे थोडी जागा असेल तर तेच पाणी साफ करून भाजीला देता येतं.

पहिली अट म्हणजे संडासाची लाईन पूर्ण वेगळी. फक्त आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी घ्यायचं.

मोरीतून पाणी आधी 50 लिटरच्या झाकणाच्या ड्रममध्ये येऊ द्या, बाहेर जाणाऱ्या पाईपला आतून खाली तोंड केलेला एल्बो (वाकडा जोड) लावा म्हणजे तेल वरच तरंगत राहतं आणि खरकटं तळाशी बसतं. दर आठवड्याला हे काढायचं, कंटाळा केला की पुढच्या वाफ्यातली खडी चोक झालीच म्हणून समजा.

तिथून पाणी कर्दळीच्या वाफ्यात. 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 60 सेंटीमीटर खोल खड्डा करा, आत जाड ताडपत्री टाका, दोन्ही टोकांना मोठे दगड आणि मध्ये धुतलेली 10 ते 20 एमएमची खडी, आणि त्या खडीतच कर्दळ लावा. खडीत साधारण एक तृतीयांश जागा मोकळी असते म्हणजे 600 लिटरच्या आसपास पाणी मावतं, रोज 300 लिटर आलं तर ते दोन दिवस मुळांमधून फिरतं, आणि मुळांवरचे जिवाणू घाण खातात, खरं काम त्यांचंच आहे. पाण्याची पातळी खडीच्या 5 सेंटीमीटर खाली ठेवा, वर पाणी दिसलं की डास आलेच.

आता मी काय चुकलो ते सांगतो. पहिल्या वर्षी मी कपड्यांचं पाणीही त्यातच सोडलं. महिनाभरात वांग्यांच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या, काळ्या मातीवर पांढरी पापडी धरली, आणि पाणी टाकलं तर मुरतच नव्हतं, नुसतं वर उभं राहायचं. कपड्यांच्या पावडरमधल्या धुण्याच्या सोड्यात सोडियम असतं, त्याने काळी माती चिकट होऊन बंद पडते आणि कर्दळ ते काढू शकत नाही. कपड्यांचं पाणी बाहेर काढलं, जिप्सम (मातीतलं सोडियम हटवणारं खनिज) टाकलं, एक पावसाळा जाऊ दिला तेव्हा कुठे माती मोकळी झाली. केळी तर क्षारांना फारच नाजूक, तिला हे पाणी जपून द्या.

साफ झालेलं पाणी टाकीत 24 तासांच्या वर ठेवू नका, वास मारायला लागतं. द्यायचं ते ठिबकनेच, फिल्टर लावून, लॅटरल (ठिबकची नळी) पालापाचोळ्याखाली झाकून, म्हणजे पाणी पानांना किंवा फळांना लागत नाही. झारी किंवा स्प्रिंकलर अजिबात नको. शेवगा, लिंबू, भरताची वांगी यांना बिनधास्त द्या, पण कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात जे आपण कच्चं खातो त्यांना साधंच पाणी. वांगी तोडायच्या 4-5 दिवस आधीपासूनही साधं पाणी द्या, आणि काम झालं की साबणाने हात धुवा, लहान मुलांना त्या वाफ्यात खेळू देऊ नका.

ड्रमच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन वॉल्व्ह नक्की बसवा, पावसाळ्यात पाणी परत गटारीकडे वळवता येतं आणि वर्षभर साचलेले क्षार पावसाने धुवून जातात.